दुमडलेली कड

सौंसर,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय दिपाली,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरी असशील. आधी एक प्रश्न लिहिते, कारण तो लिहिल्याशिवाय पुढची ओळच सुचत नाहीये. "तुम्ही किती देवांच्या?" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? नागपूरच्या प्रदर्शनात मला हे विचारलं गेलं आणि मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. बी. ए. झालेली, घरातली पहिली, कॉलेजात वक्तृत्वाला उभी राहणारी मी, केसांच्या क्लिपांचा ट्रे हातात धरून भलतंच काहीतरी बोलून गेले.

तू विचारशील, फोन का नाही केला. दोनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. फोनवर तू मला समजावतेस आणि मी समजून घेते, असंच होतं आपलं शाळेपासून. पत्रात तरी मला शेवटपर्यंत बोलता येईल.

इकडची खुशाली म्हणजे कापसाची वेचणी चालू आहे. बाबा बागेत संत्र्याच्या पेट्या भरायला जातात आणि अंगाला सालीचा वास घेऊन येतात. आई सकाळपासून ओट्यावर बसते, पण हातात सुई नसते. हे जरा पुढे लिहिते. थोडं क्रमानं लिहू दे. यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी लिहिते. मलाच एकदा ओळीनं मांडून पाहायचं आहे.

तू नागपूरला मॅडमच्या हस्तकलेच्या दुकानात लागलीस, आणि आमच्या गावात फेल्टचं काम देता येईल का असं त्यांनी विचारल्यावर तू आमचं नाव सांगितलंस. फेल्ट आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. लोकर दाबून केलेलं जाडसर कापड. कापलं तरी धागा सुटत नाही, म्हणून कड तशीच मोकळी ठेवून वरून काजटाका घालायचा. तू पाठवलेल्या नमुन्यात हे स्वच्छ दिसत होतं. मी आईला आणि शेजारच्या सुशीला काकूंना दाखवलं, समजावलं आणि कॉम्प्युटरच्या क्लासला निघून गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर दोघींनी क्लिपांवर बसवायच्या प्रत्येक पानाची कड आत दुमडून, वरून शिवून टाकलेली!

"आई, नमुना असा आहे का?"

"नमुना बनवणाऱ्या बाईले घाई असन," आई म्हणाली. "कड अशी नागडी सोडते काय कोनी?"

"धागे सुटत नाहीत याचे!"

"आज नाई सुटत. उद्याचं कोनी पाह्यलं?"

जन्मभर लुगडी जोडून गोधड्या शिवलेल्या बायका त्या. उघडी कड दिसली की त्यांची बोटं आपोआप आत वळतात. तो पहिला माल तुझ्याकडे पोचला आणि तुझा फोन आला, "तृप्ती, हे पान आहे का करंजी?" आपण किती हसलो होतो!

आणि मॅडमना ती करंजीच आवडली.

मॅडमनी मालाला अडकवायला छापलेल्या कार्डांचा गठ्ठा बसनं आला, तेव्हा सुशीला काकू अजून वेचणीला जायच्या आणि नुकत्याच तिथून आल्या होत्या. बोंडांनी बोटं ओरखडलेली, म्हणून पांढऱ्या फेल्टला हात लावायच्या आधी त्या ती साबणानं धूत होत्या. मी इंग्रजीतलं कार्ड मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं, की या वस्तू सातपुड्याच्या जंगलातल्या गोंड स्त्रियांनी हातानं बनवल्या आहेत आणि ही दुमडलेली कड त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

काकू इतक्या हसल्या की साबण हातातून निसटला. "पिढ्यान्‌पिढ्या! अवं, मंगळवारी तुह्या मायनं चुकवलं ना हे!"

"पण हे खोटं आहे काकू."

"मंग? मले गोंडीन म्हनो का राजाची रानी म्हनो. मी सावलीत बसून सुई चालवून राहिली, मले तेवढं पुरते."

मला तेव्हा खटकलं होतं. पण मीही प्रत्येक क्लिपला ते कार्ड अडकवत गेले. दोघींनाही वाचून दाखवलंय, दोघीही हो म्हणाल्यात, मग मी एकटी कोण नाही म्हणणारी, असं मनाशी म्हणायचे. आईच्या हाताला सावलीतलं काम मिळालंय आणि ते काम मी आणलंय, याचा मला किती अभिमान होता हे तुला माहीतच आहे.

मग फोटोवाला आला. तू त्याच्यासोबत होतीस, पण आईच्या गळ्यात हसळी घातली तेव्हा तू बाहेर गाडीपाशी होतीस. जाड चांदीची हसळी, कुठून आणली होती कुणास ठाऊक. कपाळावर काहीतरी रेखलं, हिरवं जाड लुगडं नेसवलं. आई लाजत होती आणि खूशही होती. पुढच्या कार्डांवर तोच फोटो छापून आला. एक मोठा करून मॅडमनी पाठवला, तो आईनं टीव्हीच्या वर लावला. बाबा घरी आले, चप्पल काढता काढता पाहत राहिले.

"हे कोन पाहुनी आली वो आपल्या घरी?"

"तुमाले नाई ओळखू येनार," आई म्हणाली. "तुमी कधी पाह्यलं मले नीट?"

बाबा जेवताना तीनदा मान वर करून फोटोकडे पाहत होते. दिपाली, आईचा याआधीचा फोटो फक्त आधार कार्डावरचा. हा तिचा पहिला सुंदर फोटो आहे. म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

प्रदर्शनात तू काउंटरवर होतीस, गर्दी होती, तुझ्या लक्षात आलं नसेल. एक मुलगी आली, आपल्याच वयाची, पाठीवर कॉलेजची बॅग. छिंदवाड्याकडच्या तामिया तालुक्यातली, नागपूरला शिकते. कार्ड वाचलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला, घरचं कुणी भेटल्यासारखा. "तुम्ही पण? कोणत्या गावच्या? किती देवांच्या तुम्ही?"

मला प्रश्नच कळला नाही. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं परत विचारलं. चार देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे, अशी त्यांच्यात कुळं असतात आणि ओळख काढताना सगळ्यात आधी हेच विचारतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आमच्या घरी देव नाहीत."

तिनं कार्ड परत उचललं. मग आईचा फोटो पाहिला, कड पाहिली, बोटानं चाचपली. भांडली नाही. नुसतं म्हणाली, "माझ्या आजीला दाखवायला नेणार होते." क्लिप परत ट्रेमध्ये ठेवली, ती होती तशी सरळ करून, आणि गेली.

तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मी तिच्याशी वाद तरी घातला असता. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला बसते आणि उठते. सौंसरच्या बसस्टँडवर छिंदवाड्याची गाडी लागली की आत डोकावून पाहते, जणू ती त्यात असेल आणि मला उत्तर आठवेल.

शेवटी आईला सांगितलं. ती चष्म्याच्या घराला बटण लावत होती.

"मंग तू काय म्हटलं तिले?"

"आमच्या घरी देव नाहीत म्हटलं."

"हे त खरं सांगतलं." आई हसली, पण बटण लावायचं थांबली. मग म्हणाली, "माहा बाप गावातून जाय, तं दीक्षा घेतल्यावरबी लोकं मुद्दाम जुन्या जातीच्या नावानं हाका मारत. तो वळेच नाई. हातात पान्याची गुंडी रायली तरी थांबून राहे उन्हात. बरोबर नावानं हाक मारली का मंगच वळे."

मी म्हटलं, "मग कार्ड काढून टाकू?"

"मले तो फोटो आवडते, तृप्ती. लय आवडते. तू काही म्हन." तिनं सुई कापडात खोचली. "पन त्या पोरीच्या मायचा फोटो रायला असता अन् खाली माहं नाव असतं, तं मले नसतं आवडलं."

मी बी. ए. ला समाजशास्त्र घेतलं होतं. तरी हे मला असं मांडता आलं नव्हतं.

कार्डाशिवाय कुणी घेतं का ते पाहायला आम्ही मायलेकी पांढुर्ण्याला गेलो. दोन दुकानदारांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या जनरल स्टोअरवाल्यानं क्लिप हातात घेऊन विचारलं, "काहून वो बाई, कड एवढी जाड?" आई म्हणाली, "सवय हाये." त्यानं थोड्याशा ठेवून घेतल्या, खपल्या तर सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही. परत येताना आई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं रडतेय. पाहिलं तर पुढच्या सीटवरच्या बाईच्या पदराची उसवलेली कड पाहत होती.

यापुढे त्या कार्डासह माल द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय, हे सुशीला काकूंना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. त्या ऐकून घेत होत्या, मग एकदम उसळल्या.

"तू शिकली, तुले नोकरी लागन. आमी जाऊ पुन्हा वेचनीले. नाव कोनाचं बी राहो, काम आमचं होतं ना?"

"काकू, फोटो आईचा आहे. तो आई देणार नाही."

"मंग माहा काढा! मी घालतो हसळी. मी काय तिच्याहून कमी दिसतो काय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्यांना मी काय सांगणार? त्यांची वेचणी माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या मुलीचा चेहराही आहे. कोणता खरा धरायचा? मी म्हटलं, तुमचा माल वेगळा बांधून देते, मॅडमना तसं सांगते, तुमचं तुम्ही ठरवा. हे अर्धवट आहे, मला कळतं. काकूंच्या हातानंही तेच खोटं जाणार आहे. पण त्यांच्या ताटातलं मी माझ्या विचारांसाठी ओढून घ्यायचं, हे मला जमलं नाही. तेव्हापासून त्या आमच्या दारावरून जाताना दुसरीकडे पाहतात. आईशीही बोलत नाहीत. दोघी पंचवीस वर्षांच्या शेजारणी.

दिपाली, आता जे लिहायचं आहे त्याच्याभोवती मी इतकी पानं फिरत होते.

मी मंगळवारी नागपूरला आले होते. मंगळवारी तुझी सुट्टी असते, म्हणूनच मंगळवारी आले.

सकाळच्या बसनं दोन पिशव्या घेऊन निघाले. एकीत काकूंचा माल, दुसरीत आमचा. आमच्या प्रत्येक वस्तूचं कार्ड मी काढलं होतं आणि आईनं पांढऱ्या फितीच्या तुकड्यावर निळ्या दोऱ्यानं 'शकुंतला, सौंसर' असं शिवलं होतं. तिला फक्त सही येते, तुला माहीत आहे. 'सौंसर' मी खडूनं लिहून दिलं, तिनं ते गिरवत शिवलं. फितीची कड अर्थातच दुमडलेली.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला. "तृप्ती, लोक क्लिप विकत घेत नाहीत गं, तिच्यामागची गोष्ट घेतात. सौंसरची शकुंतला, यात गोष्ट काय आहे?"

मी म्हटलं, "आहे. पण ती छापायला दिलेली नाही."

हे उत्तर घरून ठरवून नेलेलं नव्हतं. त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. आमचा माल ठेवला नाही. काकूंचा ठेवला, फोटोचं बघते म्हणाल्या. आईच्या फोटोची उरलेली कार्डं मी मागितली, ती त्यांनी दिली. मला वाटलं होतं नाही म्हणतील. मग निघताना विचारलं, "दिपालीला हे माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

ते खरं होतं. आणि ते खरं राहावं म्हणूनच तुला आधी काही सांगितलं नव्हतं. तू आमच्यासाठी शब्द टाकला होतास. तुझी नोकरी आहे, खोलीचं भाडं आहे, रामाकोन्याला तुझ्या आईचं औषध तुझ्यावर आहे. मी दिलेल्या नकारात तुझा हात होता असं कुणाला म्हणता येऊ नये. तू मात्र याला दगा म्हणशील. म्हण. मी काही सफाई देणार नाही.

दुकानातून निघून मी तुझ्या गल्लीपर्यंत आले. तू गॅलरीत केस वाळवत उभी होतीस, फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होतीस. वर आले असते तर तू खिचडी टाकली असतीस, म्हणाली असतीस, "वेडी आहेस का, चल, मी बोलते मॅडमशी." आणि मी पिशवी घेऊन तुझ्यासोबत परत गेले असते. म्हणून पानठेल्याच्या आडोशाला थोडा वेळ उभी राहिले आणि स्टँडकडे वळले.

काम बंद झालं आहे. दुसऱ्या कुणी केलेलं नाही, मी केलं आहे. आईला घरी येऊन तसं सांगितलं. तिनं पिशवी घेतली, क्लिपा मोजल्या नाहीत, कार्डं घेऊन बाबांच्या जुन्या डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

उत्तर लिहिलंस तर वाचीन. नाही लिहिलंस तरी तुझा राग मला कळेल.

तुझ्या दारापर्यंत येऊन, तुला हाक न मारता परत गेलेली,

तृप्ती