बाहेरून काय आलं?

हासलग्राबेन,
९ नोव्हेंबर १९९४

प्रिय अफ्रे,

तुझं पत्र गेल्या गुरुवारीच आलं. उत्तराला सहा दिवस लागले. हात दुखतोय असं लिहिणार होतो, पण हात ठणठणीत आहे, उगाच त्याच्यावर आळ कशाला. आई-बाबांच्या कबरीशेजारची जागा तुला हवी आहे. नवऱ्याच्या, वेंडेलिनच्या शेजारी तुला पुरायचं नाही, असं तू स्वच्छ लिहिलंस. त्या जागेचा पट्टा माझ्या नावावर, म्हणून माझी सही लागणार. पाद्रीबुवांनी लगोलग कागदही धाडलाय आणि तो टेबलावर मिठाच्या डबीखाली पडून आहे. सही करायला किती वेळ लागतो गं? पण ती होत नाहीये. का होत नाही तेच सांगायला बसलोय. शेवटपर्यंत वाच, मधेच फाडून चुलीत घालू नकोस. तुझा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

ऑपरेशनचे टाके सुकले हे वाचून जिवात जीव आला. पण शुद्धीवर आल्या आल्या बाईसाहेबांनी ठरवलं काय, तर मरायचं कुठे नि पुरायचं कुठे! 'जिवंतपणी त्याच्या हलगर्जीपणापायी सगळं गेलं, मेल्यावर तरी मला माहेरी राहू दे, दादा.' हे तुझं वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता कागद न बघता म्हणता येतं. कॉफी पितानासुद्धा तेच डोक्यात घुमत असतं.

इकडचं म्हणशील तर हॉपच्या वेलांची तोडणी सप्टेंबरात उरकली, बोंडं बिअरवाल्यांकडे रवाना झाली. ऑगस्टभर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे लाल कोळी असा माजला की वरच्या तारेपर्यंतची पानं तांबूस पडली. पोरगा पांढरा झगा चढवून फवारत बसला. जूनमध्ये मावा, जुलैत पानांवर केवडा रोग, ऑगस्टात कोळी, हा हॉप म्हणजे जन्माचा रोगी बघ. पण या सगळ्यांवर काही ना काही औषध आहे. मर लागली की मात्र औषध नाही. वेल उपटायचा, जाळायचा आणि ती माती वर्षानुवर्षं विसरून जायची. तुला हे मी शिकवायला नको.

तुझं लग्न ठरलं तो दिवस आठव. खाणावळीत बाबांनी तिसरा पेला संपवला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "माझ्या लेकीबरोबर माझ्या मळ्यातली हजार रोपं जातील. मोजून घ्या!" तुझी सासू कसली वस्ताद बाई. ती तिथल्या तिथे म्हणाली, "मोजूच की." सगळे हसले. बाबांना ते लागलं. घरी येताना गाडीत मला म्हणाले, "कोर्बी, एक जरी कमी भरलं ना, तर माझं नाक कापलं जाईल." तू मागे बसली होतीस आणि खुशीत गुणगुणत होतीस. ऐकलंही नसशील.

आता ऐक. त्याच्या आदल्या ऑगस्टात, म्हणजे साठ साली, ओढ्याकडच्या खालच्या ओळीत दोन वेल मला पिवळे दिसले होते. पानांवर पिवळे-काळे पट्टे, बुंधा जाडसर, नि हात लावला की पान गळून हातात. मी सुरीनं वेल उभा चिरला. आत तपकिरी होतं, जुन्या गंजक्या नळासारखं. मर मी तोवर पाहिली नव्हती, पण पाहिल्याबरोबर ओळखली. ते दोन्ही गड्डे खणून काढले, भर दुपारी ओढ्याच्या पलीकडे नेऊन जाळले आणि बाबांना सांगितलं की उंदरांनी मुळं खाल्ली. मर म्हटलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता, व्यापारी फिरकले नसते, आणि तुझ्या लग्नाची बोलणी नुकती सुरू झाली होती, तुझ्या सासूनं काय तोंडसुख घेतलं असतं ते तूच ठरव. बाबांनी उंदरांना दोन दिवस शिव्या घातल्या आणि विषय संपला.

एकसष्टच्या एप्रिलात छाटणी आली. बाबांनी बजावलं होतं की तुझ्यासाठीच्या कांड्या फक्त वरच्या ओळींतून काढायच्या. मी तसंच केलं. गड्डे उकरले, डोळे बघून बघून कांड्या कापल्या, ओल्या पोत्यात बांधत गेलो. नऊशे चाळीस झाल्या आणि वरच्या ओळी संपल्या. पुन्हा मागे जाऊन उकरलं असतं तर साठ निघाल्या असत्या गं. पण पाऊस सुरू झाला होता, कंबर धरली होती, आणि खालची ओळ समोरच होती. जळलेल्या त्या दोन जागांना लागून उभे असलेले गड्डे चांगले टणक दिसत होते. मी तिथून साठ काढल्या. हजार भरल्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या सासूनं खरोखरच मोजल्या आणि म्हणाली, "बरोबर आहेत हो!" बाबांची छाती काय फुगली होती!

पुढचं तुला माहीत आहे, पण मला जसं दिसलं तसं सांगतो. तिसऱ्या उन्हाळ्यात तुमच्या मळ्यात मर फुटली. कृषी खात्याचा माणूस आला, त्यानं वेल चिरला, आतला रंग बघितला आणि विचारलं, "या जमिनीत बाहेरून काय आलं?" आपण सगळे तिथे होतो. बाबा, मी, तू पोटुशी, वेंडेलिन. मग वेंडेलिननं टोपी काढली. म्हणाला, "गेल्या वसंतात चुलतभावाचा कुळव आणला होता. त्यांच्या गावात मर होती. धुतला होता मी, पण नीट धुतला असं छातीठोक नाही सांगता येणार." त्या माणसानं ते लिहून घेतलं आणि त्याचं काम झालं. रोपांचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. येणार कसं? माहेरून आलेलं कुणी बाहेरचं धरतं का? माझ्या मात्र ते जिभेवर आलं होतं, अफ्रे. शेजारी बाबा उभे होते. मी ते गिळलं.

दोन वर्षांत निम्मा मळा जळाला. वेलांचे खांब विकलेत, मग जमीन विकलीत आणि वेंडेलिन विटांच्या भट्टीवर कामाला लागला. तू त्याला बोलायला लागलीस. तुला दोष देत नाही, तुझी कूस भरलेली आणि घर रिकामं होत होतं. पण तीस वर्षं, अफ्रे! तो आमच्याकडे यायचा तेव्हा गाडीतून बादली आणि ब्रश काढायचा, फाटकाशी बूट घासत बसायचा, तरी मळ्यात म्हणून पाऊल टाकायचा नाही. रस्त्यावरूनच विचारायचा, "यंदा केवडा कसा आहे?" आणि तू सगळ्यांदेखत म्हणायचीस, "बूट काय घासतोस, तेव्हा कुळव घासला असतास तर!" पोरं खिदळायची. तोही हसायचा आणि घासत राहायचा. मी त्याला बिअर आणून द्यायचो. मला वाटायचं, तेवढ्यानं भागतंय.

बाबा एकाहत्तरला गेले. त्यानंतर तर मला कुणाची भीती नव्हती. रोज ठरवायचो, उद्या सांगतो. मग महिन्यातून एकदा ठरवायला लागलो. मग तेही बंद झालं. माझा मळा तगला, आम्ही मर न लागणारा वाण लावला, पोरगा हाताशी आला. सुखात होतो गं मी. ते लिहायलाही लाज वाटते.

आता जे लिहितोय ते तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण ते दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक गेला. दोन हिवाळ्यांपूर्वी वेंडेलिन दवाखान्यात होता, शेवटच्या आठवड्यात. दुपारी मी भेटायला आलो तेव्हा त्यानं तुला मुद्दाम कॉफी आणायला पिटाळलं. मला जवळ बोलावलं. श्वास पुरत नव्हता तरी म्हणाला, "कोर्बिनियान, तुझ्या बापानं विश्वासानं दिलेली हजार रोपं माझ्या हातून मेली. ते गेले, आता तूच त्यांच्या जागी. मला माफ कर." आणि मी काय केलं सांगू? मी म्हणालो, "जाऊ दे रे, झालं गेलं. केलं माफ." त्यानं माझा हात घट्ट धरला आणि रडला. तू कॉफी घेऊन आलीस तेव्हा त्याचा चेहरा कसा मोकळा झाला होता, ते तूच मला नंतर सांगितलंस. म्हणालीस, "दादा, तू आलास की त्याला बरं वाटतं." मी घरी आलो आणि पोटभर जेवलो. त्या जेवणाची मला आजही किळस येते.

गेल्या आठवड्यात सर्वसंतांच्या सणाला तू आई-बाबांच्या कबरीपाशी मेणबत्ती लावलीस आणि वेंडेलिनकडे न वळताच बस धरलीस. मी पाहिलं. तू गेल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तण वाढलंय, दगडावर शेवाळ आलंय. आत पाऊल टाकण्याआधी मी गवतावर बूट घासले. चांगले खरवडून घासले. लोक बघत होते.

म्हणून सही नाही. बिनसहीचा कागद सोबत परत पाठवतोय. माहेरी तुला जागा आहे, नेहमीच होती, पण ज्या कारणासाठी ती मागतेस ते खोटं आहे आणि ते खोटं माझं आहे. वेंडेलिननं काही केलं नाही. त्याचा कुळव धुतलेलाच होता, असं मी आता शपथेवर सांगतो, कारण मर कुठून आली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझी जागा त्याच्या शेजारी आहे. वसंतापर्यंत नीट वाकता-बसता येऊ लागलं की जा, त्याच्याशी बोल, तण काढ. माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव. आणि बाबांच्या शेजारी मला झोपू द्यायचं की नाही, तेही आता तूच सांग. तू सांगशील तिथे मी जाईन.

तुझाच म्हणवून घ्यायला अजून धजावणारा,
कोर्बी