भेगेवरची काच

३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. सुताराला लिहायला वेळ होत नाही हे खोटं, आळस हे खरं. माझ्या चुकांना लाल शाईने गोल करून पत्र परत पाठवू नकोस. मागचं बायकोने कौतुकाने शेजारणीला दाखवलं.

बातमी वाईट आहे. आपली जुनी शाळा पुढच्या महिन्यात पाडणार. तू तिथली शेवटची मुख्याध्यापिका, म्हणून आधी तुला कळवतो. आजोबांच्या पिढीने सुट्टीच्या दिवशी राबून उभारलेली इमारत, आम्हा पाच-सात जणांना तिथे वाचनालय करायचंय. कौलं फुटलीत, पण वासे ठणठणीत आहेत. नगरपालिकेचं बोट मात्र एकाच कागदावर. अकरा वर्षांपूर्वी उत्तरेच्या भिंतीतल्या भेगेवर इंजिनिअरने काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली तर काच तुटेल, म्हणून. महिन्याभरात ती तुटली आणि इमारत धोकादायक ठरली. ती भिंत बाबांनी नव्याने बांधलेली. लोक मला अजून ऐकवतात, की बाप गवंडी कच्चा निघाला म्हणून लेक सुतार झाला.

त्या दिवसांतलं काही आठवत असेल तर लिही. बैठक वीस तारखेला आहे.

तब्येत सांभाळ आणि आमच्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझा धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात सात चुका आहेत. त्या काढायचा अधिकार आज मला नाही.

काच मी तोडली. नकाशांच्या कपाटावर पाणी गळत होतं. शिपाई रजेवर, म्हणून एकटीच ते सरकवायला गेले. कपाटाचा कोपरा बसला आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. इंजिनिअर आले की सांगायचं ठरवलं होतं. ते आले, काच पाहिली आणि म्हणाले, की बाई, आता तुम्हाला नवी शाळा मिळेल. त्यासाठी मी चार वर्षं अर्ज खरडत होते. मूग गिळून बसले. कुणाचं काय बिघडणार आहे, असं वाटलं.

बिघडलं बाबांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. ते शाळेवरून जाईनासे झाले, बाजाराला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले, आणि मी नव्या इमारतीत मुलांना खरं बोलायला शिकवत राहिले. शेवटच्या आजारात तरी सांगायला हवं होतं. आले, चार दिवस त्यांचे पाय चेपले आणि परत गेले. माझी मलाच लाज वाटते.

हे पत्र बैठकीत वाच. गाळू नकोस काही. खाली सही आहे ती दाखव.

तुझ्या मनातून उतरले असेन तर तसं लिही, पण लिही.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. बाबांच्या ओळींपाशी मी कागद आमच्या वाचनालयाच्या गटातल्या डॉक्टरीणबाईंकडे दिला, तिथून पुढे त्यांनी वाचलं. पाडकाम थांबवलंय, भिंत नव्याने तपासणार आहेत. शाळा बहुतेक वाचेल. एक म्हातारे उठून म्हणाले, की गवंड्याची माफी मागायला आपल्याला फार उशीर झाला. तुझ्याबद्दलही दोघं-तिघं बोलले, ते लिहीत नाही.

राग मलाही आला. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस रंध्याला हात लावला नाही. पण मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, की चुना नीट मळला गेला नसेल, त्या भिंतीत माझाच हात चुकला. पोरीच्या वर्गातली मुलं त्या भिंतीखाली बसत होती, तिचा जीव किती टांगणीला लागला असेल. माझ्यातर्फे तिची माफी माग, असं दोनदा बजावलं. तुला वाईट वाटेल म्हणून तो निरोप मी सात वर्षं दाबून ठेवला. तेव्हाच सांगितला असता तर तू त्यांना खरं सांगायला धावत आली असतीस. ते त्यानंतर नऊ दिवस होते.

माया कमी झालेली नाही. उत्तराची घाई करू नकोस.

तुझा धाकटा