निकिताचे पंचाहत्तर प्रश्न

नाशिकरोड, बुधवार

तीर्थस्वरूप अक्काबाईस,

धाकट्या वाल्मीकचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला तेल लागते ना? नांदगावात ऊन वाढले असेल. दुपारी ओट्यावर बसू नकोस. इकडे माझे रक्त, साखर, पोट सगळे ठीक आहे, फक्त माझी झोप उडाली आहे. त्याचे कारण फोनवर सांगता येत नाही. तू फोन लांब धरून मोठ्याने ऐकतेस, त्यामुळे घरातली गोष्ट तुझ्या आधी तुझ्या शेजारणीला कळते. म्हणून पत्र.

आपल्या हर्षलची निकिता नर्स झाली, इथेच दवाखान्यात लागली, आमच्याजवळ राहते, हे तुला ठाऊक आहेच. तू गेल्या आठवड्यात आलीस तेव्हा अर्धेच कानावर आले असेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो: आता तिला परदेशात नर्स व्हायचे आहे. त्यासाठी तिकडचा परवाना लागतो आणि परवान्याला परीक्षा. (इथली एवढी शिकली ती कुठे गेली, असे मी विचारले. तिने उत्तर दिले, पण मला ते समजले नाही.) येत्या अठरा तारखेला परीक्षा आहे. अभ्यास कशावरून करावा यावरच घरात महिनाभर घोळ चालला. देवळाली कॅम्पातला माझा मित्र शेखर लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेला, तो म्हणाला क्लास लाव. निकिता म्हणाली टॅबवर प्रश्न सोडवायचे असतात, तेवढे पुरे. मला दोघांचेही पटले, म्हणून मी मेन रोडला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. दोन पुस्तके होती. इंग्रजी मला वाचता येत नाही, तेव्हा एकेका हातात एकेक धरून पाहिले आणि जड ते घेतले. तीन किलो शंभर ग्रॅम! (तीस वर्षे मापाडी होतो. घरी येताना वाण्याच्या काट्यावर ठेवले, अंदाज बरोबर निघाला.) निकिताने पहिले पान उघडले आणि म्हणाली, "आजोबा, यातली निम्मी औषधं बंद झालीत." तुझी भावजय कुसा म्हणाली, "दाराला टेकू द्यायला होईल." आता ते मागच्या दाराला लावले आहे.

इथवर माझी चूक नव्हती. पुढची आहे.

त्या टॅबवर रोज लाल अक्षरात दिसते, आज पंचाहत्तर प्रश्न बाकी. निकिता दुपारी ड्यूटीवर जाते, टॅब घरी, आणि ते लाल आपले दिवसभर माझ्याकडे बघत राहते. घरात काम बाकी पडलेले मला बघवत नाही. (ती चौथीत असताना तिची शुद्धलेखनाची वही मीच पुरी केली होती. बाईंनी 'अक्षर सुधारले' असा शेरा दिला होता.) इंग्रजी बातम्या मराठीत कशा करायच्या ते तिनेच मला शिकवले होते. तसे बटण दाबले, तर प्रश्नही मराठीत झाले. मग काय, आठ दिवस रोज पंचाहत्तर. तिला वाटायचे, आपणच ड्यूटीवर मधूनमधून मोबाइलवर सोडवतो ते सगळे इथे जमा होते.

मी जिवापाड सोडवले, अक्का. चार रुग्ण आहेत, आधी कोणाला पाहाल, असे विचारायचे. मी वयाने मोठा असेल त्याला आधी पाहिले. रीतच आहे ती. त्यात एकाचा श्वास कोंडला होता म्हणे, पण तो बावीस वर्षांचा होता! मधुमेहाचा रुग्ण बरा होऊन घरी निघाला तर काय द्याल? मी पेढा दिला. रिकाम्या तोंडाने कोणाला पाठवायचे? आणि जिथे 'लागू असतील ते सर्व निवडा' लिहिले होते, तिथे मी सगळेच निवडले. एकाला सोडून दुसऱ्याला वाईट कशाला वाटू द्यायचे?

सोमवारी निकिता टॅब घेऊन रडत बाहेर आली. म्हणाली, "आजी, तयारी कमकुवत म्हणतंय! मला हात धुण्यापासून परत शिकायला सांगतंय!" कुसाने तिची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. नंतर टॅबचीही काढली. मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडले, पण पाणी मागितले. आता पोरगी म्हणते, मला काही येत नाही, शनिवारी परीक्षेतून नाव काढून घेते. चार वर्षांची मेहनत, आणि बुडवणारा मी. सांगावे तर कसे? न सांगावे तर शनिवार तोंडावर आला.

तुझा धाकटा,
वाल्मीक

ता. क. गेल्या आठवड्यात तू चार दिवस आमच्याकडे होतीस. ते प्रश्न तू सोडवलेस असे म्हणालीस तर? तीस वर्षे सरकारी दवाखान्यात आया होतीस, तुला शोभेल. आणि तुला ती रागावणार नाही. शुक्रवारच्या आत ये.

ता. क. दुसरे. तू काही बोलू नकोस. पिनकोड मला आठवेना, म्हणून पाकीट निकिताकडे दिले. ते चिकटवायचे राहिले होते. तिने पिन लिहिला आणि मग आत बसून सगळे वाचले. मी मागच्या दाराशी उभा. मग एकदम एवढी हसली, की कुसा पुन्हा मोहऱ्या घेऊन धावली.

नाव काढणार नाही म्हणाली. मग टॅब माझ्यापुढे धरला. माझे जवळजवळ सगळे चुकले होते, पण घाबरलेल्या रुग्णाशी कसे बोलाल, हे अकराच्या अकरा बरोबर. तिथे तिचेच चुकतात म्हणे. ती 'घाबरू नका' निवडते. मी प्रत्येक वेळी 'जवळ बसून कशाची भीती वाटते ते विचारा' निवडले होते. "कसं कळलं, आजोबा?" मी म्हणालो, मला सगळे 'घाबरू नका'च म्हणतात.

तेव्हा ती खाली माझ्याजवळ बसली आणि विचारले, कशाची भीती वाटते. मी म्हणालो, तू नापास होशील याची. मग म्हणालो, आणि पास होशील याचीही. एक काहीतरी सांगा असे म्हणेल वाटले होते. ती म्हणाली, "लागू असतील ते सर्व निवडा."