दुसरं हेल्मेट

१ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलंच की सुरुवात कशी झाली, तर तपशील हाताशी असलेले बरे.
मॉडेल विमानांच्या क्लबातल्या ग्रॅहमने त्याचं जुनं रेसिंगचं विमान मला वापरायला दिलं. हातभर लांब, पण सुटलं की डोळ्यांना सापडत नाही. रिमोटवर उडवायचं, मैदानातल्या तीन खांबांना फेऱ्या मारायच्या, दहा फेऱ्या आधी करेल तो जिंकला. सोपं आहे. कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, हे ग्रॅहमला सांगितलं. स्वीट अॅज, म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत झकास. भारावलेला दिसला.
रेस ८ मार्चला. पहिला नंबर.

३ फेब्रुवारी
एक किरकोळ नियम निघाला. दूरचा खांब विमानाने ओलांडला की नाही, ते उडवणाऱ्याला कळत नाही. तिथला माणूस झेंडा खाली करतो. तो बघून ‘वळा’ ओरडायला प्रत्येकाच्या शेजारी एक कॉलर लागतो. कॉलर नसेल तर रेसमध्ये घेत नाहीत. दोघांनाही हेल्मेट सक्तीचं. क्लबातून दोन घेऊन आलो.
कॉलर अभिनव. पोटचा मुलगा घरात असताना बाहेर कशाला बघायचं? संध्याकाळी विचारलं. सूनबाई नीलांबरीची हॉस्पिटलात वीकेंडची ड्यूटी आणि नात मुग्धाचं स्विमिंग, त्यामुळे या शनिवारी जमणार नाही. पुढच्या शनिवारी नक्की म्हणाला.

८ फेब्रुवारी
एकट्याने सराव. एकट्याने एकाग्रता छान होते.
ग्रॅहमची बायको कित्येक वर्षं त्याची कॉलर आहे. दोघं दिवसभर एकमेकांशी काही बोलत नाहीत. विमान उडालं की ती ‘टर्न’ म्हणते आणि हा वळवतो. मी त्यांच्याकडे बघत बसलो नव्हतो. सहज दिसलं.
मालतीचा फोन. ती पुण्यात प्रणिताच्या बाळंतपणाला आणि मी इथे न्यूझीलंडात हॅमिल्टनला. एकाने मुलीकडे, एकाने मुलाकडे, असं आम्हीच ठरवलं. म्हणजे मुलांनी ठरवलं, आम्ही हो म्हणालो. तिला सांगितलं, अभिनव दर शनिवारी माझ्याबरोबर मैदानावर येतो, हीप्स ऑफ फन. खूश झाली बिचारी.

१५ फेब्रुवारी
अभिनवला लॉन कापायचं होतं. कापायलाच हवं, गवत वाढलंच होतं.
मुग्धाला विचारलं. “बोअरिंग, आजोबा.” निदान आजोबा तरी मराठीत म्हणाली.
तूर्त दुसरं हेल्मेट मागच्या अंगणातल्या खुर्चीवर ठेवून विमानाशिवाय कोरडा सराव. मीच ‘वळा’ म्हणायचं, मीच वळायचं. शेजारीण कुंपणावरून बघत होती. इथल्या पद्धतीने नमस्कार म्हणून किया ओरा म्हटलं. आत गेली.

१ मार्च
अभिनवला अचानक ऑफिसचं काम. असो.
सुचलं! कॉलर मालती. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल. इथे दुपारी एक म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच, ती उठलेलीच असते. फोन हेल्मेटला रबरबँडने बांधायचा, हेल्मेट स्टुलावर, कॅमेरा खांबाकडे. तिला म्हटलं, अभिनवचा घसा बसलाय, ओरडता येत नाही, फोन तोच धरेल. सुंठ-मध दे त्याला, म्हणाली. देतो म्हटलं.

५ मार्च
रंगीत तालीम. मालतीचा आवाज पोचायला जरा उशीर लागतो. म्हटलं, झेंडा पडायच्या आधीच ओरड. आधी कसं कळणार, विचारते. म्हटलं, इतकी वर्षं मी काही बोलायच्या आधी तुला कळतंच की. तिने फोन ठेवला.

८ मार्च, सकाळ
अभिनवला शेवटचं विचारलं. मान वर न करता, बाबा प्लीज, म्हणाला. मला तरी कुठे गरज आहे? बसने आणि पुढे चालत निघालो. दोन हेल्मेटं असल्याने रस्त्यातले लोक आदराने बघत होते.

संध्याकाळ
ग्रॅहम बराच वेळ स्टुलावरच्या हेल्मेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, सगळ्यांच्या रेसा झाल्या की तू एकटाच उडव. म्हणजे पहिला नंबर पक्काच झाला.
उड्डाण उत्तम. विमान दूरच्या खांबाकडे सुसाट निघालं. तेवढ्यात फोनमधून मालती म्हणाली, अभि, कसा आहेस रे बाळा, एक शब्द तरी बोल.
काय करणार? मीच घसा बसल्यासारखा आवाज काढून ‘हो आई’ म्हणालो.
झेंडा केव्हा पडला कुणास ठाऊक. विमान सरळ शेजारच्या मक्याच्या शेतात गेलं.
मग मालती म्हणाली, “तुम्ही एकटेच आहात का हो तिथे?”
नेटवर्क खराब आहे म्हणालो आणि फोन बंद केला. नेटवर्क चांगलं होतं. विमानाचे तुकडे शोधताना मक्यात बराच वेळ बसून राहिलो. तिची फार आठवण आली. वारा होता, डोळ्यांत धूळ गेली.

१५ मार्च
क्लबाने बढती दिली. दूरच्या खांबापाशी झेंड्याचं काम. अत्यंत जबाबदारीची जागा. तिथे एकट्यानेच उभं राहायचं असतं, नियमच आहे. कॉलर लागत नाही. दुसरं हेल्मेट परत केलं.
सकाळी अभिनव गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. आईने पुण्याहून चांगलंच झापलेलं दिसतंय. येतो म्हणाला. अरे, आता गरज नाही, म्हटलं. तरी आला.
त्याला पायलटांच्या बाजूला, दोरीच्या मागे बसवलं. मी खांबापाशी. मध्ये अख्खं मैदान. एकदा तो उठून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मला हात करत होता की फोनला रेंज शोधत होता, इतक्या लांबून नीट दिसलं नाही. माझ्या हातात झेंडा होता, त्यामुळे मला काही हात करता आला नाही.