ढिले ठेवलेले चार बोल्ट

प्रिय अहो,

तुम्हाला याशिवाय दुसरं काही म्हणायची मला सवय नाही, आणि या वयात नवं नाव शोधत बसायला वेळ नाही, तेव्हा पत्रातही तेच. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. गाडी भंगारवाल्याला देऊन टाक, आणि मी इथेच बरा आहे. गाडीचं एक वेळ समजलं. ज्या बोल्टवरून पाना सटकला आणि तुम्ही पाठीवर आपटलात, त्याचं तोंड पुन्हा बघायला नको वाटत असेल. पण खुब्याचं हाड जुळलं, डॉक्टरांनी काठी घेऊन हिंडायला सांगितलं, तरी वन्संच्या घरून हलायचं तुम्ही नाव काढत नाही. तिथे आपल्या घरासारखा जिना नाही म्हणता. मी काही विचारायला जावं, तर फोन लगेच वन्संच्या हातात. म्हणून लिहायला बसले. पत्र तरी दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही.

भंगारवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं. कारण तुम्ही ज्या सूनबाईला दात उपटणारी म्हणता, आणि स्वतःची दाढ ठणकली की गुपचूप भलत्याच डॉक्टरकडे जाता, तिने गाडी हातात घेतली आहे. दवाखाना बंद केला की ती तडक खाली गॅरेजमध्ये. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांच्या आधारावर ठेवली, चाकं काढली आणि कपाळाला दिवा बांधून ती खाली शिरली. पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात, हे तुमच्याकडून ऐकून ऐकून मला झोपेतही सांगता येईल. त्या रबराचा नुसता काळा चुरा तिच्या हातात आला. गाडी डावीकडे ओढायची आणि खड्ड्यात खडखडायची ती त्यामुळे. आपण इतकी वर्षं रस्त्यालाच शिव्या देत होतो.

तुम्हाला पाडणारा तो डावीकडचा बोल्ट तिने पहिल्या दिवशी नुसता बघितला. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, तेल सोडलं आणि हात धुऊन जेवायला आली. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, अगं, जोर कधी लावणार? तर म्हणाली, आई, दात कधी ओढून काढायचा नसतो, मोडतो. आधी हलवायचा. मग गॅसच्या ज्योतीने जागा तापवून तिने पाना लावला, आणि सोडवायच्या ऐवजी चक्क आवळला. केसभर आवळायचा, केसभर सोडायचा, पुन्हा तेल. मी स्टुलावर बसून बघत होते. इतकी सावकाश माणसं मला आवडत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी तिच्या हातांवरून नजर काढू शकले नाही. नट सुटला, तरी बोल्ट मात्र बुशच्या आतल्या लोखंडी नळीत असा रुतलेला की दोन्ही एकत्रच फिरायला लागले. शेवटी फटीत करवतीचं पातं घालून तिने तो दोन्ही बाजूंनी कापला. सगळी दुपार गेली. आपले चिरंजीव टॉर्च धरून उभे होते, तोही भलतीकडेच. तिने एकदासुद्धा आवाज चढवला नाही. मी असते तर टॉर्च हिसकावून घेतला असता. जुने बुशही तिने ठोकून काढले नाहीत. लांब आट्यांचा बोल्ट आणि पाइपचा तुकडा लावून, पाना फिरवत फिरवत दाबून बाहेर काढले, आणि नवे साबणाचं पाणी लावून तसेच आत बसवले. पोरीच्या हाताला गुण आहे हो. तुमची दाढ तिलाच दाखवा.

आता खरी गोष्ट. उजव्या बाजूला गेल्यावर ती हातात पाना घेऊन तशीच थांबली. तिथले बोल्ट पहिल्या झटक्यात सुटले. आत ग्रीस होतं, इतक्या वर्षांनीही ओलं. तिने विचारलं, हे कोणी बसवले? मी म्हटलं, यांनी, डावीकडचे आधीच्या मालकाचे. तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारून तो बोल्ट दाखवला. म्हणाली, बघ, बाबांनी पुढे सोडवणाऱ्याचा विचार करून बसवलाय. तुमच्याकडून आता काही व्हायचं नाही, असं तुम्ही ठरवून बसलात, आणि इथे तुमच्या हातचं काम बघून ती थक्क झाली होती. मला तुमचा अभिमान वाटला. तोंडावर कधी सांगणार नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

गाडी आता चाकांवर उभी आहे, पण चार बोल्ट ढिले आहेत. ती म्हणते, गाडी अधांतरी असताना ते घट्ट केले तर चाकं टेकताच रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं. गाडीवर नेहमीचं वजन हवं, मगच शेवटचं आवळायचं. मी माझ्या सीटवर जाऊन बसले. तुमच्या सीटवर वाळूची पोती ठेवू का, असं तिने विचारलं. पोत्याच्या शेजारी बसायला माझी हरकत नव्हती, ते निदान माझं ऐकून तरी घेईल. पण तोंडातून नाही असंच निघालं. तिथे दुसरं काही ठेवलेलं मला बघवणार नाही. रविवारी सकाळी ती रिक्षा घेऊन तुम्हाला न्यायला येते आहे. वन्संच्या मागे लपू नका. गाडीत बसायला जिना चढावा लागत नाही, आणि तुम्हाला काही करायचंही नाही, फक्त स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचं. ती खालून बोल्ट आवळेल. मग वर कसं जायचं ते आपण दोघं गाडीतच बसून ठरवू.

तुमचीच,
डावीकडच्या सीटवरची