आतून कडी

सोमवार, ४

पोचले बाई एकदाची! प्रकाशकांनी घर जुनं आहे एवढंच सांगितलं होतं, वरची खोली इतकी देखणी असेल असं कुठे ठाऊक होतं? दोन खिडक्या, भलंमोठं टेबल आणि चक्क कुरकुर न करणारा पंखा. लेखकमहाशयांनी आपली लिहायची खोलीच मला देऊन टाकली. त्यांच्या गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय. पहिल्या छपाईची एकच प्रत उरलीय आणि ती ते घराबाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून मुद्रितं तपासायला मलाच इथे यावं लागलं.

घरात माणसं दोनच. लेखक आणि त्यांची धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणतात. ताई तोंडाने फटकळ, पण चहा असा करतात की सात खून माफ.

कॉलेजात असताना या कादंबरीपायी मी उशी भिजवली होती. बाप परगावी असताना त्याची आजारी पोर जाते, आणि आपण तिथे नव्हतो म्हणून तो जन्मभर स्वतःला खात राहतो. तेव्हा वाटायचं, असा बाप मिळायला हवा.

मंगळवार, ५

कामाला लागले. माझी पद्धत ठरलेली, विरामचिन्हांसकट सगळं मोठ्याने वाचायचं. ‘घर शांत होतं स्वल्पविराम पण झोपलं कुणीच नव्हतं पूर्णविराम.’ मावशी पोथी वाचतेय म्हणून भाचरं खिदळतात, खिदळू देत. मोठ्याने वाचलं की चूक सटकत नाही.

ताई सारख्या डोकावतात. पाणी हवं का, पंखा वाढवू का. शेवटी आतून कडी लावून टाकली.

दुपारी गंमत झाली. दाराबाहेरून कुणीतरी माझ्याबरोबर ‘पूर्णविराम’ म्हणायला लागलं. लहान मुलगी. एका ठिकाणी मी मुद्दाम थांबले, तर पठ्ठीने तो स्वतःच म्हटला! दार उघडेपर्यंत पसार. शेजारची असणार. खरं सांगू, फार बरं वाटलं. मला कुठे मूल आहे असं मागे मागे करणारं?

गुरुवार, ७

ती कालही आली, आजही. आज ‘त्या दिवशी बाप परगावी होता’ इथे मात्र गप्प झाली. मी वाक्य पुन्हा वाचलं. नाही म्हणाली. बाबा आत होते म्हणाली.

मी हसून तिला समजावलं की लेखकाचं वाक्य आपण बदलत नसतो, मूळ प्रतीत आहे तेच ठेवायचं. त्यावर दारावर हळूच दोन थापा पडल्या आणि श्वासाची शिट्टी ऐकू आली, दमेकऱ्याची असते तशी. धावत जाऊन कडी काढली. बाहेर कुणी नाही. ताई जिना चढून येत होत्या, त्यांना कुणीच उतरताना दिसलं नव्हतं.

शुक्रवार, ८

ताईंना त्या मुलीचं सगळं सांगून विचारलं, ही कुणाची. त्या पायरीवरच बसल्या. आजूबाजूला लहान मूलच नाही म्हणाल्या.

मग सांगितलं. लेखकांना एक मुलगी होती. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. बापही असाच विरामचिन्हांसकट वाचून मजकूर तपासायचा, त्यामुळे पोर अक्षरांच्या आधी पूर्णविराम शिकली. दमा होता तिला. आतून कडी असली की बाबांना हाक मारायची नाही, हा घरातला नियम. ती गेली या खोलीच्या उंबऱ्यावर. ताई तेव्हा सासरी होत्या. भाऊ परगावी गेला होता असं त्यांना कळवलं गेलं, आणि त्यांनी ते आजवर खरं मानलं. दोघी मिळून खूप रडलो.

शनिवार, ९

लेखकांसमोर जाऊन बसले. चिडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त आवाज कसा होता ते विचारलं, पुन्हा पुन्हा.

ते आत होते. कडी लावून लिहीत होते. थापा ऐकल्या. पोर खेळतेय असं वाटलं, एवढं वाक्य संपवून उघडतो म्हणाले, आणि वाक्य लांबत गेलं. पुढे कादंबरीत त्यांनी बापाला परगावी धाडलं. दूर असल्याचं दुःख लोकांना सांगता येतं, त्यावर लोक डोळे पुसतात. हे कुणाला सांगणार?

त्या दिवसापासून त्यांनी ही कडी कधी लावली नाही. दार सताड उघडं ठेवून दुपारच्या दुपार वाट पाहिली, पण ती आली नाही. तुमच्याकडेच का आली, असं मला विचारत होते, हात जोडून.

मी बोलून गेले. मी कडी लावते म्हणून.

जळो माझी जीभ.

रविवार, १०

आज ते माझ्याजवळ बसले. कडी त्यांनीच लावली. मी वाचू लागले, आणि ती आली. पूर्णविराम म्हणाली. त्यांचा चेहरा— मला तो लिहिता येत नाही.

मग शिट्टी सुरू झाली. मी उठले तर त्यांनी मनगट धरलं. दार उघडलं की ती जाते म्हणाले, अजून थोडं ऐकू द्या. मी बसले. का बसले मी? आवाज थांबेपर्यंत बसून राहिले.

सोमवार, ११

ताईंना त्यांनी बाहेर पाठवलंय. दाराला खुर्ची लावून बसलेत. वाचायची गरजच पडली नाही, कडी लागताच ती आली.

मी लिहितेय, दुसरं काय करू—

बाबा म्हणते. ते म्हणतात, बोल बाळा, आणखी बोल. हसताहेत. गालांवरून पाणी वाहतंय.

शिट्टी. दारावर नखं.

त्यांना ओरडून सांगितलं, तुम्ही पुन्हा तेच करताय, तेच! एवढं एकदाच म्हणाले, मग उघडतो.

हाक बारीक होत चाललीय. आता नुसतं ‘बा’—

खुर्ची हलत नाही. म्हाताऱ्यात एवढा जोर कुठून—

पोर मरतेय हो दारात, उठा, तुमच्या पाया पडते, बाजूला व्हा, बाजूला—