आईच्या कोपराइतक्या उंचीवर दोन ओव्हन

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, आणि तुझ्या मते अजून धड मोठ्या न झालेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगांनी घातला आहे असं समज. त्यातला एक गुडघा सध्या सोलवटलेला आहे, कारण पुढे येईल.) तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल अशी आशा आहे, नसेल तर गोळी घेऊन मगच पुढे वाच. दाजींची पाठ कशी आहे? त्यांना सांग की मी शिवलेली पँट पाठीमुळे घट्ट होत नाही, जरा पुढच्या बाजूलाही लक्ष द्यावं. फोन सोडून पत्र का लिहितोय असं विचारशील. फोनवर तू मला पहिल्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, आणि मला हे एकदा सलग सांगायचं आहे.

दोन महिन्यांपूर्वी पंधरा दिवसांच्या अंतराने आपल्या गॅसवर दोन पातेली जळाली, आणि तू फोनवर निकाल दिलास की आई आणि गॅस यापुढे एका घरात राहणार नाहीत, दोन महिन्यांनी तीस तारखेला गाडी घेऊन येते आणि दोघांतलं एक घेऊन जाते. तू गॅस नेणार नाहीस हे सगळ्यांना कळलं. आईलाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती कपाटातले स्वेटर काढून घड्या घालू लागली. ताई, तुझं घर मोठं आहे, तुझ्याकडे लिफ्ट आहे, सगळं मान्य. पण सत्तेचाळीस वर्षं ज्या घरात ती कुणालाही न विचारता डबे उघडते, तिथून तिला सामानासारखं उचलायचं हे मला सहन होईना. मग मी ठरवलं की गॅसच जाईल. आपोआप बंद होणारं काहीतरी आणायचं, म्हणजे तुझ्या निकालाला उत्तर राहणार नाही.

ओव्हनच्या दुकानात आम्ही तिघं गेलो: मी, तुझी भावजय आणि आई. (आईला घरी एकटं ठेवायचं नाही हा तुझाच हुकूम.) मला एकच ओव्हन घ्यायचा होता. पण तिथला विक्रेता बोलायला लागला की माणूस आपण कशाला आलो ते विसरतो. स्टीम ओव्हन म्हणजे टाकीत पाणी भरायचं, आत वाफ होते, त्या वाफेत सगळं मऊ शिजतं आणि करपत नाही. स्पीड ओव्हन म्हणजे मायक्रोवेव्ह आणि गरम हवेची भट्टी यांनी एकाच डब्यात थाटलेला संसार. तासाचं काम वीस मिनिटांत. आईच्या दातांची परिस्थिती तुला माहीत आहे, म्हणून तिच्यासाठी स्टीम. तुझी भावजय दिवसभर बस चालवून घरी येते तेव्हा तिच्यासमोर पाच मिनिटांत ताट आलं नाही तर ती माझ्याकडे फुकट्या प्रवाशाकडे बघावं तशी बघते, म्हणून तिच्यासाठी स्पीड. मी म्हणालो, वाफेचं मला शिकवू नका, तीस वर्षं वाफेची इस्त्री फिरवतोय. विक्रेता म्हणाला, इस्त्रीत बटाटे शिजत नाहीत. तिथून आमचं बिनसलं ते बिनसलंच. जाता जाता त्याने विचारलं, स्वयंपाक मुख्यतः कोण करतं आणि त्यांची उंची किती? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना मागच्या सोफ्यावरून आई म्हणाली, "आत्ताची सांगू की लग्नातली?" आम्ही हसलो आणि प्रश्न तिथेच सोडून दिला. तो सोडायला नको होता.

आता सुतार. त्याला ओव्हनच्या खाचांची मापं मीच दिली. ओव्हनबरोबर आलेल्या कागदावर मापं होती, तरी मी टेप काढला, कारण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी आजवर बाहीसुद्धा कापलेली नाही. आणि शिंप्याने माप दिलं की त्यात दोन इंच माया आलीच. (माया म्हणजे शिवणीत जादा सोडतो ते कापड. पुढेमागे अंगाने भरलं तर उसवून वाढवता येतं.) हात तसाच लिहून गेला. सुतार माझ्यासारखाच, दिलेल्या आकड्याशी वाद न घालणारा. ओव्हन बसवले तर ते मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखे खाचेत हलत होते. सुताराने अतिशय नम्रपणे विचारलं की हे खाऊन पिऊन वाढणार आहेत का. त्याने पट्ट्या मारून खाचा अरुंद केल्या. ते काम करताना तो एकदाही हसला नाही, फक्त त्याचे खांदे हलत होते.

पण खरी गंमत उंचीची. कुठला ओव्हन कुठे, हे तुझ्या भावजयीने ठरवलं, कारण ज्याला रस्ता दिसतो त्याने चालवावं असं तिचं मत आहे. तिची उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. स्पीड तिच्या छातीशी, स्टीम त्याच्या वर तिच्या डोळ्यांसमोर, असं उभं कपाट तयार झालं. दिसायला देखणं. पहिल्या दिवशी बटाटे लावले आणि शिजल्यावर मी ऐटीत दार उघडलं. पुढचं मला दिसलं नाही. चष्म्यावर वाफ, मिशीवर वाफ, वरच्या फळीला खालून चिकटवलेला पत्रा वाफेने सुटून माझ्या टाळूवर. (बटाटे उत्तम झाले होते.) हे हसण्यावारी गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालच्या माझ्या शिवणाच्या दुकानातून वर आलो तर पँटची लांबी बघताना गिऱ्हाईक ज्या लाकडी पाटावर उभं राहतं, तो पाट स्वयंपाकघरात होता. पाटावर आई होती. टाचा उंचावून, डोक्याच्या वर हात नेऊन ती उकळत्या पाण्याचा ट्रे बाहेर ओढत होती. मी तो तिच्या हातातून घेतला. मला इतकी भीती आयुष्यात वाटलेली नाही. तिच्यासाठी म्हणून आणलेली वस्तू आम्ही तिलाच पोचणार नाही अशी टांगून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मी आईला दिव्याखाली उभं केलं आणि कोटासाठी घेतो तसं तिचं माप घेतलं. जमिनीपासून कोपरापर्यंत पावणेपस्तीस इंच. या वेळी माया धरली नाही. सुतार परत आला (आपला गॅस आता त्याच्या घरी आहे, तोही खूश आहे), आणि दोन्ही ओव्हन शेजारी शेजारी, आतला ट्रे आईच्या कोपराशी येईल असे बसवले. उभ्या कपाटात आता झाडू राहतात. आत डोकावायचं तर मला एक गुडघा टेकावा लागतो, तुझ्या भावजयीला दोन्ही. ती रोज कामावरून येते, टोपी काढते आणि स्पीड ओव्हनसमोर गुडघ्यांवर बसते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी तिला कुणापुढे इतकं नमताना पाहिलेलं नाही.

आणि आई? माहितीपुस्तक तिने भिंग घेऊन दोनदा वाचलं. दार आधी बोटभर उघडायचं, बाजूला सरायचं, दहा मोजायचे, मग ट्रे काढायचा, हे आम्हाला तिने शिकवलं. टाकीत क्षार साचले की तीच साफ करते. त्या यंत्रांना एक कुलूप असतं, लहान मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून. ते आईने लावून ठेवलंय. घरात लहान मूल नाही. मी आहे. मला अंडी उकडायची असली तर आधी परवानगी काढावी लागते. तेव्हा ताई, तुझी अट पूर्ण झाली आहे, घरात ज्योत म्हणून उरलेली नाही आणि आई स्वयंपाकघरात आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तीस तारखेला जरूर या, जेवायलाच या. फक्त गाडीत मागची जागा रिकामी करून आणू नकोस. आईने स्वेटर परत कपाटात लावले आहेत आणि तुझी रिकामी डिकी बघून ती पुन्हा घड्या घालायला लागेल.

आणखी एक ता. क. हे लिहिण्यासाठीच खरं तर कागद काढला होता आणि चार पानं टाळत आलो. ती दोन्ही पातेली मी जाळली. पहिल्यांदा चहाचं आधण ठेवलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेलो. दुसऱ्यांदा अंडी. दोन्ही वेळा आई झोपेतून धुराने उठली आणि तिने गॅस बंद केला. तुझा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मीच विसरले." मी शेजारी उभा होतो. मला वाटलं तू दोन शब्द बोलशील आणि विसरशील. तू तिला न्यायचं ठरवलंस, तेव्हाही मला तोंड उघडता आलं नाही. मला लाज वाटते, आणि ती दोन ओव्हन आणून गेलेली नाही.

शेवटचं. आईने हे पत्र आत्ता वाचलं. ती म्हणते, वरचं खोडून टाक, ताई तुला बोलेल. मी खोडत नाही. तू त्या दिवशी तिला म्हणालीस की तिच्या डोक्याचा आता भरवसा नाही. ते तिच्याशी फोनवर बोलून आधी परत घे. मग फोन माझ्याकडे द्यायला सांग, आणि मला हवं तेवढं बोल. या खेपेला मी मध्ये बोलणार नाही.